ओकची बर्फपेटी, आता विजेवर

गेले काही महिने शनिवार-रविवारी काय करतेस असं कोणी विचारलं की माझं एकच उत्तर असतं, बर्फपेटीचा फ्रीज करतेय (बर्फपेटी म्हणजे विजेच्या फ्रीजच्या आधीची लाकडी पेटी, बर्फाची लादी घालून अन्न गार ठेवायची). त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला: अगं पण इतकी सुंदर जुनी वस्तू, तिला भोकं पाडून तिची वाट कशाला लावतेस? ज्याच्याकडून पेटी घेतली त्यानेसुद्धा हेच सांगितलं, वर हेही सांगितलं की लोक यात दारूच्या बाटल्या ठेवतात, म्युझिक सिस्टीम ठेवतात, एकीने तर टॉवेल ठेवलेत. मला हे पटतच नाही. दूध-लोणी गार ठेवायला बनवलेल्या पेटीत टॉवेल ठेवले तर चालतं आणि दूध-लोणी ठेवलं तर तिचा अपमान होतो, हे कुठलं गणित?

आम्ही मॅसॅच्युसेट्समधे राहतो, न्यू हॅम्पशरची हद्द जवळच. या भागात अशा पेट्या अजून मिळतात कारण त्या इथेच बनायच्या. नॅशुआला व्हाइट माउंटन नावाच्या बनायच्या, बॉस्टनला एडीच्या, आणि तिकडे मिशिगन-इंडियानात लेनर्ड, मॅकक्रे वगैरे मोठे कारखाने होते. माझ्या पेटीची नेमप्लेट गेलीय, दोन बारीक खिळ्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. उंची ४८ इंच, रुंदी ३०, खोली १८. समोरून आणि बाजूंनी ओक, तोही लाकूड असं कापलेलं की रेषांवर आडवे चमकदार पट्टे उमटतात, आणि मागची बाजू साध्या पाइनची कारण ती भिंतीकडे जाणार. दारं तीन: डावीकडे वर बर्फाचं, त्याच्या खाली एक छोटं, आणि उजवीकडे एक उंच दार, आत तारेच्या फळ्या. आतून सगळीकडे जस्ताचा पत्रा, कोपऱ्यांना डाख दिलेला. पॉलिश लाखेचं होतं, स्पिरिटचा बोळा फिरवला की चिकट व्हायचं त्यावरून कळलं (आणि लाख म्हणजे बहुतेक आपल्याकडूनच गेलेली असणार, हे डोक्यात आलं की पॉलिश खरवडायला हात होत नाही, म्हणून खरवडलं नाहीच, त्यावरच नवा हात मारला).

पेटी चालायची कशी ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डावीकडे वर बर्फाची लादी. गार हवा जड, ती खाली पडते, खालच्या छोट्या कप्प्यातून उजवीकडे जाते, तिथे भाज्या-मटणाची उष्णता घेऊन हलकी होते, वर चढते आणि वरच्या फटीतून परत बर्फावर येते. पंखा नाही, काही नाही, हवा आपली आपण फिरते. म्हणून दूध नि लोणी बर्फाच्या बरोबर खालच्या कप्प्यात ठेवायचे, ती सगळ्यात गार जागा, आणि वासाचे पदार्थ उजवीकडे अगदी वर, म्हणजे तिथली हवा थेट बर्फावर जाईल आणि वितळणाऱ्या पाण्याबरोबर बराचसा वास निघून जाईल. पाणी एका नळीतून खाली, नळीला वळण दिलेलं म्हणजे त्यात थोडं पाणी कायम राहतं आणि बाहेरची गरम हवा आत शिरत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी बसून हा इतका विचार केलाय आणि आपण त्यात टॉवेल ठेवायचे!

माझे बाबा सांगलीला कितीतरी वर्षं फ्रीज रिपेरिंगचं दुकान चालवायचे. व्हिडिओ कॉलवर त्यांना पेटी दाखवली तर त्यांनी ना ओक बघितला ना कड्या, पहिला प्रश्न, "पाणी कुठून जातंय ते दाखव." मग म्हणाले, "हे बघ बाळा, गॅस नि कॉम्प्रेसर नंतर. आधी पेटी. पेटी गळकी असली तर कितीही मोठा कॉम्प्रेसर लाव, तो रात्रंदिवस पळत राहील आणि एक दिवस बसेल." मी म्हटलं बाबा तुम्ही असे बोलताय जसं काय तुम्ही अशी पेटी केलीय, तर म्हणाले, "रसवंतीवाल्यांच्या केल्यात की." आणि खरंच, लाकडी पेटी, आतून पत्रा, लादी भुशात घालून वर गोणपाट, ही तीच वस्तू आहे, फक्त ओकची नाही.

बाबांच्या सांगण्यावरून मग मी आधी हिशोब केला, आणि हा हिशोब मला या सगळ्या कामातला सगळ्यात आवडलेला भाग. आपण दीड टनचा एसी म्हणतो ना, तो टन म्हणजे एसीचं वजन नव्हे, तो बर्फाचा टन आहे. अमेरिकन टन म्हणजे २००० पौंड, ९०७ किलो बर्फ, तो २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तो एक टन, म्हणजेच तासाला १२००० बीटीयू (उष्णता मोजायचं जुनं इंग्रजी माप), साधारण साडेतीन किलोवॉट. आजही आपण एसी विकत घेताना बर्फाच्या लादीच्या भाषेतच बोलतो! तर त्या काळी घरांच्या खिडकीत एक कार्ड लावायचे, त्यावर चार बाजूंना २५, ५०, ७५, १०० असे आकडे, जो आकडा वर असेल तेवढे पौंड बर्फ बर्फवाला गाडीतून कापून आणून टाकायचा. समजा माझ्या पेटीला दिवसाला ५० पौंड लागत असतील, म्हणजे पावणेतेवीस किलो, तर ते होतात तासाला ३०० बीटीयू, ८८ वॉट. इतकंच. एका जुन्या बल्बएवढी थंडी.

आता उलटीकडून बघा. पेटीचं बाहेरून क्षेत्रफळ साधारण साडेएकोणचाळीस चौरस फूट. भिंतीत दोन इंच भुसा. बाहेर ७५ फॅरनहाइट, आत ३८ धरलं तर भिंतींतून तासाला सव्वातीनशे बीटीयूच्या आसपास उष्णता आत येते, म्हणजे दिवसाला ५४ पौंड बर्फ! कार्डावरचा आकडा आणि माझा कागदावरचा आकडा इतके जवळ आले की मी बाबांना रात्री (तिकडे सकाळ होती) फोन करून सांगितलं. आणि भुशाच्या जागी तेवढ्याच जाडीचा एक्सपीएस फोम (थर्माकोलच्या जातीची, पण घट्ट नि कडक शीट) घातला तर हीच उष्णता तासाला १४६ बीटीयूवर येते, ४३ वॉट. दारं उघडणं, फटी, गरम भांडं आत ठेवणं वगैरे धरून दुप्पट केली तरी छोट्यातल्या छोट्या कॉम्प्रेसरच्या आवाक्यात. म्हणजे बाबा म्हणाले तेच, खरं काम भिंतीत.

आता "वाट लावतेस" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. घरातले पहिले विजेचे फ्रीज हे असेच होते, बर्फपेटीत वीज घातलेले. १९१३ मधे शिकागोत फ्रेड वुल्फने डोमेल्रे नावाचं एक यंत्र काढलं, ते स्वतः फ्रीज नव्हतंच, घरातल्या बर्फपेटीच्या डोक्यावर बसवायचं आणि दिव्याच्या सॉकेटमधे वायर लावायची. नंतर डेट्रॉइटची केल्व्हिनेटर आली, हो तेच आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं नाव, १९१८ पासून ते लोक गिऱ्हाइकाच्याच पेटीत बर्फाच्या जागी थंड करणारी टाकी बसवायचे, कॉम्प्रेसर खाली तळघरात, आणि मधे तांब्याच्या नळ्या. पुढे जनरल इलेक्ट्रिकने १९२७ ला डोक्यावर गोल कॉम्प्रेसर असलेला मॉनिटर टॉप आणला, पत्र्याच्या पेटीचा, आणि मग लाकडी पेट्या हळूहळू स्वयंपाकघरातून गेल्या. तेव्हा गॅस असायचा सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड, गळला तर घर सोडून पळायची वेळ, फ्रेऑन हा त्यामानाने निर्धोक गॅस यायला १९३० चा सुमार उजाडला. तर मी जे करतेय ते पेटीवर लादलेलं काही नाही, तिच्या बहिणींचं शंभर वर्षांपूर्वी हेच झालं होतं.

मग मीही केल्व्हिनेटरवाल्यांची रीत धरली: थंड प्लेट बर्फाच्या जागी, कॉम्प्रेसर तळघरात. इथे बहुतेक जुन्या घरांना तळघर असतं आणि ते उन्हाळ्यातही गार राहतं, कंडेन्सरला (आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) याहून चांगली जागा नाही, शिवाय स्वयंपाकघरात आवाज शून्य. सोपा मार्ग म्हणून बरेच लोक एक छोटा होस्टेलवाला फ्रीज घेतात आणि त्याचं पोट काढून पेटीत बसवतात. तेही होतं, पण त्या फ्रीजची सिस्टीम सीलबंद असते, नळी वाकवताना चिरली तर संपलं, आणि नव्या फ्रीजमधे आयसोब्युटेन असतो तो पेट घेणारा गॅस. अमेरिकेत तर बाकीच्या गॅसची सिस्टीम उघडायलाही सर्टिफिकेट लागतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं, "तिथे मी नाहीये, सिस्टीम फोडायची नाही." मी घेतलं ते बोटींसाठीचं किट. शिडाच्या नि मोटरच्या बोटींवर बर्फाच्या पेट्या असतातच, त्यांना विजेवर करायचे तयार किट मिळतात: आधीच गॅस भरलेला कॉम्प्रेसर, आधीच गॅस भरलेली प्लेट, आणि नळ्या जोडायला स्वतः बंद होणाऱ्या कपलिंग, दोन पाने लावून घट्ट केलं की झालं, गॅस बाहेर येत नाही. कॉम्प्रेसर बीडी३५, मूळ डॅनफॉसचा, आता सीकॉप नावाने येतो, १२ व्होल्टवर चालतो, वेग २००० ते ३५०० आरपीएमपर्यंत बदलता येतो. घरच्या विजेसाठी मधे एक कन्व्हर्टर. महाग आहे हे खरं, नवा साधा फ्रीज याहून स्वस्त येतो. पण मला फ्रीज नको होता, ही पेटी चालू हवी होती.

भिंतीचं काम मात्र सावकाशीने करायचं काम. सगळ्यात आधी आतलं भरण नि आतल्या पांढऱ्या रंगाचा नमुना लॅबला पाठवला, त्या काळच्या भरणात अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि रंगात शिसं, रिपोर्ट येईपर्यंत मागची फळी परत लावून वर प्लास्टिक. माझ्या पेटीत निव्वळ भुसा नि डांबराचा कागद निघाला. मग पत्रा उलगडला, आतल्या पाइनच्या फळ्यांवर पेन्सिलने नंबर टाकले आणि एकेक काढल्या. त्या फळ्यांच्या मागच्या बाजूला कोणा सुताराने निळ्या खडूने केलेल्या खुणा अजून होत्या, त्या तशाच ठेवल्यात.

आता महत्त्वाचं. बरेच जण इथे फवारायचा फोम भरून टाकतात. कृपा करून ओकच्या पेटीत तसं करू नका. पेटीची बाजू म्हणजे एक चौकट आणि तिच्या खाचेत सैल बसवलेला ओकचा तक्ता असतो, तो सैल असतो कारण इथे उन्हाळ्यात हवा दमट, लाकूड फुगतं, हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी ठक्क, लाकूड आकसतं. फोम त्या तक्त्याला चिकटून बसला की त्याला हलता येत नाही आणि मग एक दिवस तो उभा चिरतो. म्हणून कडक शीट वापरायच्या आणि त्या चौकटीला धरून लावायच्या, तक्त्याला मोकळं सोडायचं. मी एक इंचाचे दोन थर घातले, एकाचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाहीत असे.

दुसरी गोष्ट बाष्पाची. बर्फाच्या काळात पेटी आतून ओलीच असायची, कोणाला त्याचं काही नव्हतं. विजेची प्लेट बर्फाहून बरीच गार असते, आत हवा कोरडी होते, आणि मग बाहेरच्या दमट हवेतली वाफ भिंतीतून आत यायला बघते. ती मधेच कुठेतरी गार जागी पोचली की तिचं पाणी होतं, भिंतीच्या आत, जिथे आपल्याला दिसत नाही, आणि काही वर्षांनी ओक आतून काळा पडून कुजायला लागतो. यावर उपाय म्हणजे वाफेला आत येऊच द्यायचं नाही, अडवायचं ते उबदार बाजूला, म्हणजे फोमच्या बाहेर, ओकच्या बाजूला. त्यामुळे बाहेरच्या शीटला अॅल्युमिनियमची फॉइल, प्रत्येक सांधा, प्रत्येक खिळा, प्रत्येक नळीचं भोक फॉइल टेपने बंद. हे बाबांनी दहादा बजावलं. नव्या फ्रीजमधे बाहेरचा पत्राच हे काम करतो म्हणून आपल्याला कधी विचार करावा लागत नाही.

आत जस्ताऐवजी स्टेनलेसचा पत्रा घातला, कारण चिंच, ताक, लोणचं असलं आंबट जस्ताला लागलेलं चांगलं नाही. जुना पत्रा गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. नळ्यांसाठी भोक पाडलं ते मागच्या पाइनच्या फळीत, ओकला एकही नवीन भोक नाही. प्लेटच्या खाली ट्रे, ट्रेचं पाणी जुन्याच नळीच्या वाटेने, तसंच वळण देऊन, खाली तळघरात. म्हणजे हवा अजूनही त्याच वाटेने फिरते, डावीकडून खाली, उजवीकडून वर. मी उदबत्तीचा धूर सोडून बघितला, अगदी तसाच फिरला, मला इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

या भागात बर्फाचा विषय निघाला की मला मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्युडरने १८३३ मधे इथल्या तळ्यांतला बर्फ जहाजात भुसा भरून कलकत्त्याला पाठवला, निघाला १८० टन, चार महिन्यांनी पोचला तेव्हा १०० च्या आसपास शिल्लक होता, विषुववृत्त दोनदा ओलांडून! पुढच्या वर्षी मुंबई. तिथे बर्फ ठेवायला फोर्टात लायन गेटजवळ बर्फघर बांधलं, आज तिथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे, विवेकानंदांचं स्मारक म्हणून. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आईस्क्रीम दिलं आणि मग सगळ्यांना सर्दी झाली, हा किस्सा तर सगळ्यांनी ऐकलेला. तो बर्फ जिथून काढायचे त्यातलं केंब्रिजचं फ्रेश पॉंड आता शहराच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे, आम्ही तिथे चालायला जातो. नथानिएल वायथ नावाच्या माणसाने तिथेच घोड्याने ओढायचा बर्फ कापायचा नांगर काढला, त्याने तळ्यावर चौकोन आखायचे नि एकसारख्या लाद्या काढायच्या. एकसारख्या म्हणून जहाजात एकीला एक चिकटून बसायच्या, मधे हवा नाही, म्हणून टिकायच्या. इथेही पुन्हा तेच, थंडी बनवण्यापेक्षा ती टिकवणं मोठं.

दारांचं काम शेवटी केलं. मुळात दारांना रबर नव्हतंच, लाकडावर लाकूड घट्ट बसायचं आणि पितळी कडी ते दाबून धरायची. मी आतल्या बाजूला सिलिकॉनचं पोकळ रबर लावलं, दाराच्या कडेत लोहचुंबक बसवले, आणि कड्यांची जीभ काढून टाकली. आता कडी दिसते, फिरते, पण अडकत नाही. हे का, तर बाहेरून अडकणाऱ्या कडीचे जुने फ्रीज नि बर्फपेट्या यांत लपाछपी खेळताना मुलं अडकून गुदमरून गेलीयत, अमेरिकेत त्यावरून १९५६ ला कायदाच केला की फ्रीजचं दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. माझी उजवीकडची बाजू अशी आहे की फळ्या काढल्या तर पाच वर्षांचं मूल सहज आत बसेल. आमच्याकडे भाचरं येतात. तुमच्याकडे अशी पेटी नुसती शोभेची म्हणून असली, वीजबीज काही नसली, तरी आज जाऊन कडीची जीभ काढा.

चालू करून आता थोडे आठवडे झालेत. खालच्या डाव्या कप्प्यात ३ अंश सेल्सिअस, उजवीकडे वरच्या फळीवर ५ च्या आसपास, म्हणून दूध, दही, शिजवलेलं सगळं खाली, आणि वर भाज्या, फळं, लोणची. (४ च्या वर शिजवलेलं अन्न ठेवू नये असं इथे सांगतात. बर्फावर चालणारी चांगली पेटीसुद्धा ७-१० वर असायची, लोक रोज ताजं आणायचे.) वीज दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास, कॉम्प्रेसर अर्ध्याहून कमी वेळ चालतो, बाबा यावर खूश. प्लेटवर बर्फ साचतो तो अधूनमधून बंद करून वितळवायचा. वासाचं मात्र बघावं लागणार, आता वास धुऊन नेणारं पाणी नाही, त्यामुळे सुकट-बोंबील बंद डब्यातच, आणि एका वाटीत कोळसा ठेवलाय. फ्रीझर यात नाही, प्लेटला टेकून एक छोटा बर्फाचा ट्रे तेवढा बसतो.

बाबांना उन्हाळ्यात इकडे आणायचं चाललंय. त्यांना तळघरातला कॉम्प्रेसर हात लावून बघायचाय, किती गरम होतो ते, व्हिडिओवर त्यांचा विश्वास नाही.